पुढच्या चाकाची टिचकी

आज सकाळी शाळेला जाताना एका शेतातून हुरड्याचा धूर आला आणि मी स्कूटी रस्त्याच्या कडेला घेतली. गोवऱ्यांच्या आरात कणसं घातली की जो वास सुटतो तो धड गोडही नसतो, धड करपटही नसतो. त्यात दूध असतं, राख असते, पहाटेचं दहिवर असतं. सोनपेठच्या आसपास ज्वारी दुधात आली की सगळा मुलूख काही दिवस पेंगल्यासारखा होतो. माणसं हळू बोलतात. ऊनसुद्धा घाईनं वर येत नाही. शेतातल्या बाईनं हाक मारली, "मॅडम, या की खायला!" मी हात हलवला, पण गेले नाही. समोर ज्वारी डुलत होती आणि तिच्या पलीकडं, जिथं गोदावरीकडं जाणारा रस्ता असायला हवा तिथं, मला माहेरच्या येलदरी धरणाचं पाणी पसरलेलं दिसत होतं.

असं दर हिवाळ्यात एकदा तरी होतंच.

तो एक हिवाळा मी माहेरी काढला होता. त्याआधी भाद्रपदात एका सकाळी अंथरुणावरून उठले आणि खोली फिरली. खरोखर फिरली. कपाट डावीकडून उजवीकडं गेलं, खिडकी त्याच्या मागं गेली, आणि मी दोन्ही हातांनी फरशी धरून बसले, जणू फरशीही निसटून जाईल. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानाच्या आतली, तोल सांभाळणारी नस सुजली आहे. बरं होईल, वेळ लागेल. झालंही तसंच. दिवाळीपर्यंत कपाट, खिडकी, दार सगळं जागच्या जागी थांबलं. पण हे माझ्या पायांना पटलं नव्हतं. घरातला उंबरा ओलांडायचा तर मी चौकट धरायची. एसटीची पायरी नुसती बघितली तरी मी मागं सरायची. "आजार गेला," डॉक्टर म्हणाले, "आता उरली ती भीती. पडून राहू नका. जितकं हलाल तितकं लवकर सुटाल."

माझा नवरा बसवराज बियाणांचं दुकान सांभाळून माझं सगळं करत होता. जीव लावणारा माणूस. पण जीव लावणाऱ्या माणसाचं बोलणंच कधीकधी आपल्याला खाली बसवतं. "नोकरीचं टेन्शन घेऊ नको," तो म्हणायचा. "संक्रांतीनंतर रजा संपायलीय ना? न्हाई जमलं तर सोडून दे. घरात काय कमी हाय?" मी मान हलवायची. कमी काहीच नव्हतं. फक्त वर्गात फळ्यासमोर उभं राहून कविता शिकवणं एवढी एकच गोष्ट मला मनापासून येत होती, आणि फळ्याच्या आणि माझ्यामध्ये आता एक पायरी येऊन बसली होती.

हवापालट म्हणून त्यानं मला येलदरीला आणून सोडलं. माझे वडील, आप्पा, धरणाच्या वीजघरात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथंच घर केलं. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. आप्पा पहाटे अंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेत आणि त्याच्याकडं बघत बसत. लहानपणी मला वाटायचं, आप्पा त्या वेळी डोळे मिटायचे विसरतात. त्या हिवाळ्यात मी दाराआड उभी राहून पुन्हा ते बघू लागले. बाहेर धुकं, आत समईचा उजेड, आणि तळहातावर टेकलेली ती नजर. तिच्याकडं बघितलं की माझंही डोकं थोडं शांत व्हायचं.

त्याच सुमाराला माझा धाकटा भाऊ मन्मथ पुण्याहून आला. तो तिथं सायकलींच्या दुकानात मेकॅनिक होता. माझ्यासाठी आलाय हे त्यानं कधी कबूल केलं नाही. "तुरी काढायला आलोय," म्हणाला. टेम्पोतून त्यानं एक सायकल उतरवली आणि शेजारच्या गयाकाकू धुणं टाकून बघायला आल्या.

"आरं मन्मथ, सीट कुनी चोरली रं हिची?"

"काकू, ही बसायची सायकलच न्हाई."

"मंग काय निजायची हाय का?"

आप्पांनी सायकलीभोवती एक चक्कर मारली. बुटका सांगाडा, जाड चाकं, साखळीच्या चाकाखाली लोखंडी पत्रा. "पुण्यात ऱ्हाऊन हे शिकलास," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मन्मथच्या मागं मागं गेले. धरणाखालच्या वसाहतीत बरीच क्वार्टर रिकामी पडलेली आहेत. खिडक्यांतून वेली आत गेलेल्या, ओट्यांवर शेवाळाचे काळे डाग, रस्त्याच्या कडेचे दगड अर्धे मातीत. धुकं इतकं होतं की लिंबाची झाडं जमिनीवर नाहीत, हवेत उगवलीत असं वाटत होतं. मन्मथ पॅडलवर उभा राहून हळूच, चालत्या माणसाच्या गतीनं, एका ओट्याकडं गेला. पुढचं चाक जरासं उचललं. चाकानं ओट्याची कड नुसती शिवली, टप् असा आवाज आला, आणि आख्खी सायकल माणसासकट वर. मांजर भिंतीवर चढतं तशी. ना धडपड, ना जोर. वर गेल्यावर तो तिथंच स्थिर उभा राहिला. चाकं थांबलेली आणि पाय जमिनीवर नाहीत.

मला वाटतं, त्या दिवसांत मी पाहिलेली ती पहिलीच अशी गोष्ट होती जी हलत नव्हती.

"ह्याला काय म्हनतेत?" मी विचारलं.

"टॅप. पुढच्या चाकाचा टॅप."

"टिचकी म्हण की. टिचकीच मारली तू कडेला."

तो हसला. "मग मारतीस का टिचकी?"

मी लगेच 'नाही' म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्याची ट्रॅकपँट आणि हेल्मेट घालून उभी राहिले.

नंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. ते दहिवरासारखे आहेत, हात लावला की एकमेकांत मिसळतात. आधी नुसतं पॅडलवर उभं राहायचं, दोन्ही पॅडल जमिनीशी समांतर, ब्रेक दाबलेले, मन्मथचा हात माझ्या पाठीमागं. मी चाकाकडं बघायची आणि कलंडायची. "चाकाकडं बगू नको, अक्का," तो म्हणायचा. "चाक कुटं पळून जायलंय व्हय? जितं जायचंय तितं बग." मी वसाहतीच्या पाण्याच्या टाकीवर नजर लावली. टाकीवर एक बगळा येऊन बसायचा. मी बगळ्याकडं बघायची, बगळा पाण्याकडं बघायचा, आणि कधीतरी मधेच लक्षात यायचं की मन्मथचा हात पाठीवर नाही.

मग रस्त्यावर आडवी ठेवलेली ज्वारीची धांडं आली. मग फळी. मग फळीवर फळी. चाक कुठं टेकवायचं हे शिकायला मला सगळ्यांत वेळ लागला. जास्त उचललं तर चाक कड ओलांडून जायचं आणि खालचा पत्रा फळीवर खर्रकन घासायचा. कमी उचललं तर चाक फळीच्या तोंडावर आपटायचं आणि सायकल तिथंच रुसून उभी. बरोबर कडेला टेकलं की मऊ टायर दबतं, आणि दबलेलं टायर परत उसळतं. "ते तुला वर ढकलतंय ना, त्याच दमात उट," मन्मथ सांगायचा. "गुडगे सरळ, हात पुडं, आन् मागचं चाक पायानं वर ओडून घे. पुडचं चाक जितं टेकलं, मागच्यानं तितं यायचं." ऐकायला सोपं होतं. पण चाक कडेला लागलं की माझी बोटं आपोआप पुढचा ब्रेक आवळायची. कड दिसली की थांबायचं, हे माझ्या हातांनी त्या आजारात शिकून घेतलं होतं.

"पडले तर?"

"पडशील की. पाटावरनं पडल्यावानी पडशील."

दुपारी आम्ही तुरीत असायचो. वाळलेल्या शेंगा हलल्या की घुंगरांसारख्या वाजतात. मन्मथ कापायचा, मी पेंढ्यांजवळ बसायची. ऊन पाठीवर शालीसारखं पडायचं. दूर धरणाच्या पाण्यात कुणीतरी जाळं टाकायचं आणि ते हवेत क्षणभर उघडं राहायचं. संध्याकाळी बसवराजचा फोन यायचा. "आज कसं वाटायलंय?" मी म्हणायची, बरं. सायकलीचं त्याला सांगितलं नव्हतं.

एका सकाळी फळ्यांवर दहिवर होतं. चाक कडेला टेकलं, पण उसळायच्या ऐवजी घसरलं, आणि मी डाव्या अंगावर रस्त्यावर आले. हेल्मेट दगडाला लागून ठक्क वाजलं. मी डोळे घट्ट मिटले. दोन्ही हातांनी रस्ता धरला, अगदी भाद्रपदातल्या त्या सकाळसारखा. आता डोळे उघडले की टाकी डावीकडून उजवीकडं जाईल, झाडं तिच्या मागं जातील, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मन्मथ शेजारी गुडघ्यांवर बसला होता.

"अक्का, फिरायलंय का? सांग ना. फिरायलंय का?"

मी डोळे उघडले. टाकी जागेवर होती. झाडं जागेवर होती. कोपर सोललं होतं आणि रक्त मनगटाकडं ओघळत होतं, आणि ते रक्तसुद्धा अगदी सरळ रेषेत ओघळत होतं. मला इतका आनंद झाला की मी रडायला लागले. पडणं वेगळं आणि फिरणं वेगळं! इतके महिने मी दोन्ही एकच समजून बसले होते.

आप्पांनी मात्र घरी आल्यावर फक्त रक्त पाहिलं.

"बास झालं," ते मन्मथला म्हणाले. "हिला बरी करायला आलास का मोडायला?"

"आप्पा, थोडंच—"

"तू गप. तू जाशील परत पुण्याला. हिला पुढं कोन सांबाळायचं?"

मी हळद लावत होते. सांभाळायची वस्तू म्हणून माझं नाव त्या घरात पहिल्यांदाच निघालं होतं. "आप्पा," मी म्हणाले, "मी पडले, पन खोली फिरली न्हाई." सायकल उचलून त्यांनी मागच्या खोलीत ठेवली आणि कुलूप लावलं.

ते कुलूपबंद दिवस मला आजही फार आवडतात, का ते नीट सांगता येत नाही. खळ्यावर तुरी बडवणं चाललं होतं. काठीचे आवाज, उडणारा पिवळा भुसा, उन्हात तरंगणारं सगळं. मी बसून राहिले नाही. पेंढ्या उचलल्या, पेंढ्यांवरून पाय टाकून इकडून तिकडं गेले. आणि कुणी बघत नाहीसं पाहून खळ्याच्या कडेच्या दगडासमोर उभी राहायची. हात पुढं, मुठी वळलेल्या, गुडघे वाकवलेले. मनात चाक टेकवायचं, टप्, आणि दोन्ही पायांनी दगडावर. परत खाली. परत टप्. एकदा गयाकाकूंनी पकडलंच.

"सुवर्णा! काय करायलीस गं बाई? वारं आलं का अंगात?"

"सायकल शिकायलेय काकू."

"सायकल कुटं हाय पन?"

"आप्पांनी कोंडलीय."

काकू पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. त्यांच्या हसण्यानं आप्पांनी तिकडं पाहिलं. त्यांनी मला पाहिलं, दगड पाहिला, आणि परत काठी उचलली. नंतर दोनतीनदा माझ्या ध्यानात आलं की त्यांची काठी थांबलेली असते आणि ते माझ्या पायांकडं बघत असतात.

मग एका सकाळी पूजा आटोपून मी चहा ठेवला तर अंगणात सायकल उभी. पुसून लख्ख केलेली. आप्पा हवा भरायच्या पंपाची नळी गुंडाळत होते. "चाकात हवाच नव्हती," ते म्हणाले. "पडंल न्हाई तर काय करंल? भरली आता टंच." ट्रायल्सच्या, म्हणजे अशा उभ्यानं अडथळ्यांवर चढवायच्या सायकलीत हवा मुद्दाम कमी ठेवतात, दबणारं टायरच तर वर ढकलतं. मन्मथनं माझ्याकडं पाहिलं, मी मन्मथकडं. "लय बेस झालं, आप्पा," तो म्हणाला, आणि घरामागं नेऊन त्यानं हळूच, आवाज होऊ नये म्हणून वर कपडा धरून, हवा सोडली.

नोकरीचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. रजा संपली त्या दिवशी मी रुजू झाले. येलदरीहून निघताना बसवराजला फोन केला, "घ्यायला येऊ नका, मी एसटीनं येते." तो म्हणाला, "बरं. जिंतूरला गाडी बदलावी लागती, ध्यान हाय ना?" त्या 'बरं'मध्ये किती काय गिळलं होतं ते त्याला आणि मलाच ठाऊक. सोनपेठच्या स्टँडवर तो उभा होताच, पण लांब, उसाच्या रसवंतीआड. मी उतरेपर्यंत पुढं आला नाही. आता सायकलीचं सगळं त्याला माहीत आहे. शाळेची मुलं ठेच लागून पडली की मी त्यांना लगेच उचलत नाही. आधी विचारते, फिरायलंय का? ती बावचळून नाही म्हणतात आणि आपली आपण उठतात.

पण रजा संपण्याआधीची, वसाहतीतली ती सकाळ अजून सांगायची राहिली आहे.

आप्पा त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्याबरोबर आले. जुन्या बॅडमिंटन कोर्टाला सिमेंटचा एक चौथरा आहे, वीतभर उंचीचा असेल. कडेचं सिमेंट फुगलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटलेलं, पण एक कोपरा धड होता. पाण्यावरून थंड वारं येत होतं. वीजघराची ती कायमची घुमणारी गुणगुण, जी त्या गावात कुणालाच ऐकू येत नाही, ती मला त्या दिवशी ऐकू येत होती. आप्पा हात पाठीशी बांधून उभे राहिले. मन्मथ यावेळी जवळ आला नाही. लिंबाखाली जाऊन बसला.

मी पॅडलवर उभी राहिले. नजर चौथऱ्यापलीकडच्या गवतावर. सायकल चालू लागली, इतकी हळू की प्रत्येक खडा टायरखाली बोलत होता. पुढचं चाक उचललं. मला कडेचा तो कोपरा दिसला नाही, तो हातांना कळला. टप्. टायर दबलं. बोटं ब्रेकवर होती आणि यावेळी ती सैलच राहिली. खालून काहीतरी मला उचलत होतं, जसं विहिरीत पोहताना पाणी उचलतं, आणि मी त्याला नाही म्हटलं नाही. हात पुढं गेले, पाय वर आले. मधे एक क्षण असा होता की दोन्ही चाकं कशालाच टेकलेली नव्हती, मीही नव्हते, आणि मला कुणाला धरावंसं वाटलं नाही.

मग मागचं चाक चौथऱ्यावर आलं. ब्रेक आवळले. सायकल डुलली, एकदा, दोनदा, आणि उभी राहिली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मन्मथ उठून उभा राहिला होता. आप्पा म्हणाले, "परत कर."

परत केलं, जमलं नाही. पाय टेकावा लागला. परत केलं, जमलं. आप्पा प्रत्येक वेळी फक्त मान हलवत होते, वीजघरात काटे बघताना हलवत असतील तशी. शेवटी मी दमून चौथऱ्याच्या कडेलाच उतरले तेव्हा ते वर सायकलीजवळ आले. मुठीवर हात ठेवला. पॅडलवर बोटानं जरा दाबून बघितलं.

"सीट न्हाई, तर मानूस हिच्यावर नुसता उबा तरी कसा ऱ्हातो?"

मन्मथ हळूच म्हणाला, "बगता का ऱ्हाऊन?"

आप्पांनी आजूबाजूला पाहिलं. बगळ्याखेरीज कुणी नव्हतं. त्यांनी चपला काढून एका ओळीत ठेवल्या, पायजमा घोट्यावर दुमडला, इष्टलिंगाची पिशवी सदऱ्याच्या आत सारली. एका बाजूनं मन्मथनं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी. आप्पांनी एक पाय पॅडलवर ठेवला, मग दुसरा, आणि त्यांचं सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं. त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली होती. असं घट्ट पकडणं माझ्या ओळखीचं होतं, आतून कसं असतं ते मला माहीत होतं.

"आप्पा, चाकाकडं नको," मी म्हणाले. "लांब बगा. पान्याकडं."

त्यांनी मान वर केली. हळूहळू त्यांची बोटं सैल झाली. वारं त्यांच्या पांढऱ्या केसांतून जात होतं. कधी बघितलं नव्हतं इतक्या उंचावर त्यांचा चेहरा होता, आणि त्यावर एखाद्या लहान मुलाचं, झाडावर चढून बसलेल्या मुलाचं, गुपित हसू होतं.

"अक्का," मन्मथ पलीकडून कुजबुजला, "पाय बग तुजा."

मी खाली पाहिलं. माझा एक पाय चौथऱ्याच्या तुटक्या कडेवर होता, नुसत्या चवड्यावर, दुसरा खाली उतारावरच्या खड्यांत. मी कधी अशी उभी राहिले ते मला कळलंच नव्हतं. घाबरून पाय हलवणार तेवढ्यात आप्पांचा हात माझ्या खांद्यावर दाबला गेला.

"हालू नको गं माय," ते पाण्यावरची नजर न काढता म्हणाले. "जरा थांब अशीच. लय चांगलं दिसायलंय इतून."